‘अनैतिक’ म्हटलं की लोक हसतात का?

परवा मिटिंगमध्ये माझी फजिती झाली, त्यावरून हा धागा. एका रिपोर्टवर चर्चा चालू होती, त्यातला जवळजवळ सगळा डेटा एका ज्युनियर मुलीने गोळा केलेला, महिनाभर खपून, आणि पहिल्या पानावर नाव तिच्या साहेबाचं. फक्त त्याचंच. मला राहवेना, मी म्हणालो हे अनैतिक आहे. दोन सेकंद सगळे गप्प आणि मग जो हशा पिकला. शेजारचा म्हणतो, "अरे बापरे, कोणाचं कोणाशी?" झालं, विषय तिथेच संपला, नाव होतं तेच राहिलं.

तर प्रश्न असा की अशा वेळी मराठीत म्हणायचं काय? ‘अनएथिकल’ म्हणालो असतो तर कोणी हसलं नसतं, उलट सगळ्यांनी गंभीर चेहरे केले असते. म्हणजे आपल्याकडे शब्द नाही असं नाही, शब्द आहे पण तो उच्चारला की भलतंच काहीतरी डोळ्यासमोर येतं.

*

त्यात तुमचा काही दोष नाही. पेपरात हा शब्द वर्षानुवर्षं एकाच नामाला चिकटून येतो, ‘अनैतिक संबंधातून’. इतक्यांदा वाचलंय की आता नुसतं अनैतिक म्हटलं तरी पुढचं नाम आपोआप ऐकू येतं. कोणी करोडोंचा अपहार केला तर त्याला ‘गैरव्यवहार’ म्हणतात, अनैतिक नाही म्हणत.

‘चारित्र्य’ या शब्दाचंही तेच झालंय, आणि ते जास्त वाईट, कारण त्याचा त्रास बायकांना. ‘चारित्र्याच्या संशयावरून’ ही बातमी कोणाबद्दल असते ते सांगायला नको. पण नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून आणतो तेव्हा ते आपल्यावर गुन्हे दाखल आहेत का बघत असतात. एकच शब्द, एकीकडे गुन्ह्यांची यादी आणि एकीकडे बिछाना. मधलं सगळं, म्हणजे हिशेब, शब्द पाळणं, हाताखालच्याशी वागणूक, हे दोन्हीकडून सुटलं. आयुष्यभर खोटी बिलं लावणारा माणूस गेल्यावर त्याच्याविषयी "चारित्र्याने अगदी स्वच्छ हो" असं बोललेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

*

‘नैतिक’चं पण बघा ना. हा शब्द एखाद्या गोष्टीच्या मागे लावला की ती गोष्ट पातळ होते :)

नैतिक पाठिंबा, म्हणजे पैसे नाही, माणसं नाही, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत बरं का.
नैतिक विजय, म्हणजे हरलो.
नैतिक जबाबदारी, म्हणजे माझी चूक नाही पण घेतो अंगावर, आणि हल्ली तर घेतो एवढं म्हणून सोडून देतात.

*

शेवटच्याला जरा थांबा. नैतिक जबाबदारी हा पातळ शब्द नव्हता, आपण केला. १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं, ते काही स्वतः गाडी चालवत नव्हते. कायद्याने बोट दाखवता येत नाही तिथेही माझं काहीतरी देणं लागतं हा त्यातला अर्थ. तेव्हा त्या शब्दापुढे राजीनामा असायचा. आता शब्द तेवढा उरलाय, राजीनामा गेला.

*

व्युत्पत्तीचं थोडं लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

नीती हा शब्द ‘नी’ धातूवरून, नी म्हणजे नेणे. नेता, नायक, नयन सगळी त्याच घरातली भावंडं. आचार, चारित्र्य, चरित्र हे ‘चर्’ वरून, म्हणजे चालणे, फिरणे. आणि आपली रोजची बोली बघा, चालचलणूक, सरळमार्गी, पाऊल वाकडं पडलं, पाय घसरला, पोरगं मार्गाला लागलं. फारसीतून आलेला ‘रास्त’ सुद्धा मुळात सरळ याच अर्थाचा. म्हणजे आपल्या भाषेत नीती ही एक चाल आहे, डोक्यात ठेवायचा नियम नाही, पायांनी करायची गोष्ट. ग्रीकांचा ‘एथिकोस’ हा शब्द (एथिक्स त्यावरूनच) सवय, स्वभाव याच्या अंगाने जातो, आणि लॅटिनमधला मोरालिस (इंग्रजी ‘मॉरल’चं मूळ) तर सिसेरो या रोमन वक्त्याने त्या ग्रीक शब्दासाठी मुद्दाम पाडलेला, इ. स. पूर्व ४४ च्या सुमारास, रीतीरिवाज या अर्थाच्या शब्दावरून. तेव्हा पारिभाषिक शब्द पाडावे लागतात म्हणून फक्त मराठीला नावं ठेवू नका, रोमनांनाही पाडावे लागले.

अजून एक, हिंदीत नीति म्हणजे पॉलिसी. आपल्याकडे त्याला ‘धोरण’. त्यामुळे हिंदीवरून भाषांतर केलेल्या जाहिरातीत ‘आमची परतावा नीती’ असं दिसलं की मला हसू येतं. परताव्याला कसली आलीय नीती.

*

नीती एकटी असताना ती दीर्घ, पण नीतिमत्ता, नीतिशास्त्र यात ति ऱ्हस्व. नितीमत्ता असं लिहू नये कृपया. एवढंच.

*

(वरच्यांची नीतिमत्ता अढळ आहे.)

मूळ प्रश्नाकडे येऊ. मला वाटतं धागाकर्त्यांनी ‘अप्रामाणिक’ म्हणायला हवं होतं. प्रामाणिक हा शब्द प्रमाणावरून आलाय, हिंदीत अजूनही त्याचा अर्थ अस्सल, अधिकृत असाच, मराठीने मात्र तो माणसाला लावला. म्हणजे ज्याच्या बोलण्याला पुरावा मागायची गरज नाही तो. मला हे फार आवडतं. (‘प्रामाणिकपणे सांगायचं तर’ अशी प्रत्येक वाक्याची सुरुवात करणाऱ्यांचा आणि या शब्दाचा काही संबंध नाही.)

*

पण प्रामाणिक आणि इमानदार यात गल्लत नको. इमान हे कोणाशी तरी असतं, मालकाशी, मित्राशी, अन्नदात्याशी. म्हणून कुत्रा इमानी असतो, प्रामाणिक कुत्रा कोणी म्हणत नाही. प्रामाणिकपणा सत्याशी. आमच्याकडे एक अकाउंटंट होते, मालक सांगेल तसे आकडे वीस वर्षं फिरवले, बाहेर एक अक्षर बोलले नाहीत, निरोप समारंभात मालक रडले. इमाने इतबारे नोकरी केली की नाही? केली. प्रामाणिकपणे? आता बोला. रोजच्या आयुष्यातली निम्मी भांडणं मला वाटतं या दोन शब्दांच्या मध्येच होतात, तू माझा माणूस असून माझ्या विरोधात खरं कसं बोललास, हेच ते.

*

मी धागाकर्ता. सगळ्यांचे आभार, पण अप्रामाणिक मला तिथे बसत नाही हो. त्या रिपोर्टमध्ये खोटं काहीच नव्हतं, आकडे बरोबर, साहेबाने शेवटी दोन पानं लिहिलीही होती. खोटेपणा नाही, अन्याय आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्या आईला हे सांगितलं असतं तर ती यातला एकही शब्द न वापरता म्हणाली असती, "बरं दिसत नाही ते." बास.

*

‘बरं दिसत नाही’ धोकादायक आहे. कोणाला दिसत नाही? लोकांना. म्हणजे दिसलं नसतं तर चाललं असतं. त्यापेक्षा जनाची नाही तर मनाची तरी लाज, यात निदान दोन वेगळी खाती आहेत, एक लोकांचं, एक स्वतःचं. आणि क्रम बघा, आधी जन, मग मन. लोकांची लाज सुटली तर शेवटचा आधार म्हणून मन. सदसद्विवेकबुद्धी हा आठ-नऊ अक्षरांचा डबा कोणी घरात उघडत नाही, पण मन खातं हे दोन शब्द पोरालाही कळतात.

*

आईंच्या बाजूने बोलतो. ‘बरं दिसत नाही’ मध्ये दिसणारा डोळा लोकांचाच असतो असं नाही. रात्री एकटं असताना सापडलेलं पाकीट हातात धरूनही माणूस म्हणतो, बरं नाही दिसत. तिथे बघणारं कोण असतं?

*

मला वाटतं आपण सगळे नाम आणि विशेषणं शोधतोय आणि मराठीची खरी नीती आहे क्रियापदात. लाटणं, ढापणं, लुबाडणं, दडपणं, खपवणं, चेपणं, गिळंकृत करणं, हात वर करणं, कानावर हात ठेवणं. एकेका शब्दात अख्खा गुन्हा आणि वर मारणाऱ्याचा आवाजही. धागाकर्ते ‘अनैतिक’ऐवजी "तिचं काम लाटलंय" एवढं म्हणाले असते तर बघू कोण हसलं असतं.

*

कोणी हसलं नसतं, बरोबर. पण लाटणाऱ्याकडे सगळ्यांची मान वळली असती, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी त्याच्याच हाताखाली. क्रियापदाला कर्ता लागतो. विशेषणाला लागत नाही, म्हणून तर भित्री माणसं विशेषण वापरतात, मीही त्यातलाच. अमर्त्य सेन यांनी २००९ च्या त्यांच्या पुस्तकात नीती आणि न्याय असे दोन शब्द मुद्दाम संस्कृतातूनच घेतलेत, नीती म्हणजे नियम आणि रीत बरोबर असणं, न्याय म्हणजे प्रत्यक्षात माणसांच्या वाट्याला काय आलं ते. आमच्या रिपोर्टची रीत बरोबरच होती, प्रमुखाचं नाव टाकायचं असा नियमच आहे म्हणे.

*

मग शेवटी काय केलंत?

*

काल परत विषय काढला. म्हटलं, "साहेब, पहिल्या पानावर तिचं नाव राहिलंय बहुतेक." राहिलंय. ते म्हणाले अरे हो की, घाईत राहिलं. टाकलं नाव, दुसऱ्या ओळीत, जरा बारीक टायपात.

*

म्हणजे त्यांनी मुद्दाम टाकलं नव्हतं हे माहीत असून तुम्ही ‘राहिलंय’ म्हणालात? हे प्रामाणिक झालं का मग?

*

नाही. नैतिक विजय म्हणा.