एका माणसाच्या पाणबुडीसाठी स्टील की ॲल्युमिनियम? मदत हवी आहे

एकट्यापुरती छोटी पाणबुडी बांधतोय, 30 मीटरपर्यंत जाणारी. तिथे बाहेरून साधारण 3 बार जादा दाब येणार. कार्बन फायबर आधीच बाद केलं. 2023 मध्ये कार्बन फायबरची टायटन पाणबुडी दाबाखाली कशी चेपली ते सगळ्यांनी पाहिलंय. आता माइल्ड स्टील (साधं, कमी कार्बनचं पोलाद) की 6061 (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू), इथे अडलोय. ॲल्युमिनियम हलकं, पण वेल्डिंगच्या सांध्याजवळ त्याची ताकद बरीच उतरते. स्टील गंजतं, तरी माझं मन तिकडेच ओढतंय. खरी धास्ती गोलाईची आहे. पाणबुडीच्या सांगाड्याचं नळकांडं जरासं जरी लंबगोल झालं तरी दाबाखाली चेपण्याचा धोका वाढतो. किती फरक चालवून घ्यावा? आणि ॲक्रिलिकच्या खिडकीची बैठक सपाट ठेवावी की शंकूसारखी? पहिली बुडी रिकामीच, दोरीने सोडून घेणार आहे. हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा.