मदत हवी आहे: सिस्टरना पहिल्या तासातलं स्तनपान कसं शिकवू?

रातपाळी: शुक्रवारी ट्रेनिंग घ्यायचंय, एक तास मिळालाय. स्लाइड्स नकोत, मुलींना सगळं पाठ आहे. पण बाळ बाहेर आलं की नाळ कापून थेट वॉर्मरवर (बाळ गरम ठेवायच्या टेबलावर), मग वजन, मग नातेवाइकांना दाखवायला. आईकडे येतं तेव्हा झोपलेलं असतं. मग डोकं धरून छातीवर दाबतात, ते मान मागे टाकून रडतं आणि कागदावर 'स्तनपान सुरू' लिहून मोकळ्या. हाताला लागलेली ही सवय कशी मोडू? लवकर सांगा.

शेंगाचटणी: अळिवाचे लाडू, शतावरी. माझ्या सुनेला तिसऱ्या दिवशी भरपूर दूध आलं.

रातपाळी: काकू, दूध वाढवायचं विचारलं नाहीये. पहिल्या तासात चीकच असतो, तेवढा पुरतो.

नवजात: नॉर्मल की सिझर? किती जणी? कुठे?

रातपाळी: नॉर्मलच. बारा जणी, अर्ध्या एएनएम (सहायक परिचारिका). सोलापूरजवळचं ग्रामीण रुग्णालय.

नवजात: मग लेबर रूममध्येच शिकवा. बाळ रडलं, श्वास नीट आहे, की पुसून पालथं आईच्या उघड्या छातीवर. वरून कोरडं कापड, डोक्याला टोपी. नाळ एक ते तीन मिनिटांनी. वजन, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन पहिल्या पाजण्यानंतर. बाळ आधी शांत पडतं, मग जीभ काढतं, मूठ चोखतं, सरकत जातं. बऱ्याचदा पाऊण तास लागतो. तोवर ढकलायचं नाही. नाक मोकळं आहे ना, मान दुमडली नाही ना, रंग गुलाबी आहे ना, एवढंच बघत राहायचं.

बार्शीकर: बघत कोण राहणार? रात्री दोन बाया टेबलावर आणि सिस्टर एकच. वार, टाके, रजिस्टर. वजन लिहिल्याशिवाय ड्यूटी सोपवता येत नाही.

नवजात: वार पडेपर्यंत, टाके होईपर्यंत बाळ छातीवरच राहू शकतं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचंच, शिवाय चोखल्यानं गर्भाशय आवळायला मदत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस-५ (२०१९-२१) बघा: दवाखान्यातली बाळंतपणं ८८.६ टक्के, पहिल्या तासात पाजलेली बाळं ४१.८ टक्के. दवाखान्यात येऊनही तो तास आपल्याच हातून जातो.

बार्शीकर: आकडे मान्य. माणसं द्या.

अक्कलकोटची: सोबतच्या बाईला हाताशी धरा. नाक, मान, रंग तीही बघू शकते, सिस्टरनं येता-जाता नजर टाकायची. पण वेणा सुरू असतानाच सांगून ठेवा. आमच्याकडे कन्नडमधून सांगितलं तरच ऐकतात, नाहीतर आजी मधाचं बोट घेऊन तयारच.

शेंगाचटणी: मध आम्ही सगळ्यांनी चाटवला, काय झालं?

नवजात: वर्षाच्या आत मध नकोच. बोट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो.

पूर्वभाग: जीएनएम नर्सिंग कोर्सचे फॉर्म कधी सुटतात?

रातपाळी: ताई, त्याचा वेगळा धागा काढा. नवजात, सराव कशावर घेऊ? शुक्रवारच्या आत बाहुली कुठे मिळेल?

बार्शीकर: बाहुली कशाला, अडीच किलो ज्वारी भरून कापडी बाळ शिवा. मान लुळी ठेवा, म्हणजे आधार कुठे द्यायचा ते हाताला कळतं. एकीला आई करून टेबलावर झोपवा, दुसरीला वार-टाक्यांचं काम करायला लावा आणि बाळ छातीवरून हलू द्यायचं नाही.

रातपाळी: हे जमेल. आजच शिवायला घेते.