कॅपॉक्स केमोच्या सहा सायकलनंतर बोटं बधिर, ऑक्सॅलिप्लाटिन कमी करायचं की थांबवायचं?

मदत हवी आहे. रुग्ण काका, वय 58, जठराचा कॅन्सर यकृतात पसरलेला, हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) निगेटिव्ह. गाव गडचिरोली जिल्ह्यात, उपचार नागपूरला. कॅपॉक्स म्हणजे दर 21 दिवसांनी शिरेतून ऑक्सॅलिप्लाटिन 195 मिग्रॅ (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौ.मी.ला 130) आणि जेवणानंतर अर्ध्या तासात कॅपेसिटाबिन 500 च्या तीन गोळ्या सकाळी, तीन रात्री, 14 दिवस.

आधी थंड पाण्यानेच मुंग्या यायच्या, चार-पाच दिवसांत जायच्या. आता पुढची सायकल आली तरी बधिरपणा जात नाही. सदऱ्याची बटणं लागत नाहीत, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. माठाचं पाणी बंद, हातमोजे वापरून झाले, नसांच्या त्रासावरची प्रीगॅबालिन 75 रात्री चालू, फरक नाही. बी-12 आणि साखर नॉर्मल, क्रिएटिनिन 0.9, प्लेटलेट 1,10,000. स्कॅनमध्ये गाठी आटल्यात, म्हणूनच जीव अडकलाय.

कॅपेसिटाबिनऐवजी पंपवालं फाइव्ह-एफयू (शिरेतून द्यायचं केमोचं औषध) जमणार नाही. 46 तासांनी पंप काढायला इथे कोणी नाही. सातवी सायकल सोमवारी. डॉक्टरांशी बोलायचंच आहे, पण ओपीडीत दोनच मिनिटं मिळतात.

अशा वेळी तुमच्याकडे ऑक्सॅलिप्लाटिनचा डोस कमी केला, की ते थांबवून नुसतं कॅपेसिटाबिन चालू ठेवलं? आणि ड्युलॉक्सेटिनने (नसांच्या दुखण्यावरची गोळी) बधिरपणा उतरला का?