फोटो मोजून गडावरची गर्दी आवरणार का?

घाटमाथा

मंडळी, जुलै २०२३ मधला लोहगडाचा तो व्हिडिओ आठवतोय? पायऱ्यांवर माणसं अशी अडकलेली की वरचा खाली येईना, खालचा वर जाईना. मग ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल कोसळून चौघं गेली. दर वेळी क्रम तोच. जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश, पोलिसांची नाकाबंदी, दोन रविवार शुकशुकाट आणि मग ये रे माझ्या मागल्या.

माझ्या मते मूळ दुखणं असं की कोणत्या गडावर कोणत्या दिवशी किती माणूस जातं, हे कुणी मोजतच नाही. तिकीट असेल तिथे पावत्या तरी सापडतात. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार.

यावर बाहेर बरंच काम झालंय. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डशी संबंधित संशोधकांनी ३१ देशांतली ८३६ ठिकाणं घेतली, तिथे काढून फ्लिकर या फोटो टाकायच्या संकेतस्थळावर टाकलेले फोटो मोजले आणि प्रत्यक्ष नोंदल्या गेलेल्या पर्यटकसंख्येशी ताडून पाहिले. एका माणसाने एका दिवशी पन्नास फोटो टाकले तरी धरायचा एकच, एवढी साधी युक्ती. मेळ चांगला बसला. पुढची पायरी म्हणजे फोटोत काय आहे ते यंत्रानेच ओळखायचं. सिंगापूरच्या २०१८ च्या अभ्यासात वीस हजारांवर फोटो तयार इमेज रेकग्निशन सेवेला दाखवले आणि लोक झाडाफुलांसाठी येतात की आणखी कशासाठी, याची वर्गवारी केली. हाताने करायचं तर महिने गेले असते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रात. या अकरांसाठी असं काम करून रोजची मर्यादा ठरवायला काय हरकत आहे? कास पठारावर दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालता येते, तर राजगडावर का नाही? विरोध जरूर करा, पण कारणासकट.

आकडेमोड

कारणासकटच करतो. पोटापाण्यासाठी फोटो ओळखणारी अशीच मॉडेलं ट्रेन करण्याचं, म्हणजे शिकवण्याचं, काम करतो, म्हणून जरा लांबेल.

पहिलं, फ्लिकर. तुमच्या ओळखीतला शेवटचा फ्लिकरवाला कधी भेटला होता? आपल्याकडे फोटो जातात व्हॉट्सॲपच्या स्टेटसला आणि रीलला. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की त्यातली ठिकाणाची नोंद गळून पडते. म्हणजे संशोधकाच्या हाती उरतात ते हौशी छायाचित्रकार, चांगला कॅमेरा असलेले, बहुधा इंग्रजीत लिहिणारे. लोहगडाच्या पायरीवर अडकलेली गर्दी त्यात येतच नाही.

दुसरं, यंत्राची नजर. ही मॉडेलं इमेजनेट नावाच्या ज्या फोटोसंग्रहावर वाढली, त्यातले पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास फोटो एकट्या अमेरिकेतले. भारत आणि चीन मिळून तीनेक टक्के. फेसबुकच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये जगभरातल्या घरांतल्या वस्तूंचे फोटो अशा सेवांना दाखवले. नेपाळातल्या एका घरातली साबणाची वडी या सेवांना चीज वाटली, ब्रेड वाटली, आणखी काय काय खाद्यपदार्थ वाटली. इंग्लंडातली पंपाची साबणबाटली मात्र ओळखली. ज्याला आपला साबण कळत नाही त्याला चोरदरवाजा, पाण्याचं टाकं आणि गडावरचं देवीचं ठाणं यांतला फरक कळेल? तो सगळ्यालाच ‘अवशेष’ म्हणेल आणि आपण त्याच्या तक्त्यावर धोरण आखू.

घाटमाथा

@आकडेमोड, साबणाचा दाखला जबरदस्त, पण यातून निष्कर्ष काय? आपल्याकडचे फोटो घेऊन मॉडेल पुन्हा शिकवा, एवढाच ना? गडांचे पाच-दहा हजार फोटो गोळा करून ‘टाकं’, ‘बुरूज’, ‘तटबंदी’ अशी नावं चिकटवायला एका महाविद्यालयाची एक तुकडी पुरे. सदोष आहे म्हणून टाकून द्यायचं ठरलं तर जनगणनाही बंद करावी लागेल.

दुपारचा_चहा

नावं चिकटवायला आमच्या सोसायटीच्या ग्रुपला बोलवा. प्रत्येक बुरुजाला तीन नावं आणि दोन भांडणं फुकट मिळतील.

बुरुजाखालचा

मी यादीतल्याच एका गडाच्या पायथ्याला राहतो. घरगुती जेवण देतो, पावसाळ्यात भजी-चहा. गावाचं नाव सांगत नाही, उगाच ओळख नको.

तुम्ही सगळे मोजण्यावर भांडताय. आम्हाला गर्दी किती ते सकाळी आठला कळतं. पार्किंगचं शेत भरून गाड्या डांबरी रस्त्याला लागल्या की समजायचं, आज वर काही खरं नाही. त्यासाठी यंत्र कशाला? कळल्यावर फोन कुणाला करायचा, ते सांगा. यादीतल्या काही गडांवर केंद्राचं पुरातत्त्व खातं, काहींवर राज्याचं. गडाखालचं जंगल वनखात्याचं. रस्ता बांधकामवाल्यांचा, पार्किंग ग्रामपंचायतीचं, बंदोबस्त पोलिसांचा आणि बंदी घालायची तर कलेक्टर. वरून दगड पडला तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मागे वाटेवरचा कठडा निखळला होता. आम्ही तीन ठिकाणी अर्ज दिले आणि तिन्हीकडून ‘आपल्या अखत्यारीत येत नाही’ असं उत्तर आलं. शेवटी पोरांनीच तार बांधली.

कुंडमळ्याच्या पुलावरही धोक्याची पाटी होतीच की. माहिती नव्हती असं कुणी म्हणू शकेल का?

आकडेमोड

@बुरुजाखालचा, अगदी बरोबर बोललात. प्रयागराजचा २०२५ चा कुंभ बघा. गर्दी मोजणारे एआय कॅमेरे होते, नियंत्रण कक्ष होता, रोज कोटींचे आकडे जाहीर होत होते. तरी २९ जानेवारीच्या पहाटे संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि त्या दिवशी ३० मृत्यू सरकारनेच सांगितले. कॅमेऱ्याने दाटी मोजली तरी लोंढा वळवायचा हुकूम माणसालाच द्यावा लागतो, आणि वळवलेल्या लोंढ्याला जायला दुसरी वाट लागते. गडाला तर बहुतेक ठिकाणी एकच वाट.

उत्तर_समुद्र

मी युरोपात राहते, तेव्हा ‘आमच्याकडे कसं छान’ हा सूर लागला तर आधीच माफी. उलट सांगायला आलेय. व्हेनिसमध्ये मोबाइलच्या नोंदी आणि कॅमेरे यांवरून शहरात या क्षणी किती लोक आहेत ते दाखवणारा कक्ष आहे. २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्कही सुरू झालं. तरी पहिल्याच वर्षी तिथले विरोधी नगरसेवक विचारत होते की गर्दी कमी झाली कुठे? मोजणी चोख होती. पण पाच युरोत तिथे धड कॉफी-सँडविच येत नाही, त्यासाठी कोण घरी बसणार? किती लोक हवेत आणि कोणते नकोत, हा निर्णय राजकीय असतो. तो घ्यायला कुणी तयार नसलं की मग पडद्यावर रंगीत नकाशे दाखवायचे.

घाटमाथा

मग काही करूच नये का? कासचं उदाहरण कुणीच घेत नाहीये, याची गंमत वाटते. तिथे मर्यादा आहे, ऑनलाइन नोंदणी आहे, शुल्क गावांच्या समितीकडे जातं आणि पठार टिकून आहे.

करवंद

कासचं मी घेते. वनस्पतिशास्त्र शिकवते, दर सप्टेंबरला विद्यार्थी घेऊन जाते.

कासला लोकांपासून फुलं वाचवायची म्हणून जाळीचं कुंपण घातलं गेलं. दिसायला शहाणपणाचं. पण कुंपणाने माणसांसोबत गुरंही अडली. चराई थांबल्यावर गवत माजलं आणि बुटकी फुलझाडं त्याखाली दबायला लागली. गावकरी आणि अभ्यासक हे सांगत राहिले, शेवटी कुंपण काढलं गेलं.

आता पठाराचे हजारो फोटो यंत्राला दिले असते तर काय कळलं असतं? सीतेची आसवं, तेरडा, मिकी माउस ही फुलं कुठे जास्त टिपली जातात ते. लोक फुलाचाच फोटो काढतात. जिथे फूल नाही तिथला फोटो कुणी काढत नाही, आणि म्हशीचा तर नाहीच. म्हणजे फूल का नाही, याचं उत्तर देणारी म्हैस त्या माहितीत येतच नाही. तरी मी या संशोधनाच्या विरोधात नाही. एकाच जागेचे वर्षानुवर्षांचे फोटो मिळाले तर बहर कधी सुरू झाला, कुठली पायवाट रुंदावली, हे बघायला मला ते हवंच आहे. पण त्यावरून माणसांची मर्यादा ठरवू नका.

कोरा_कागद

कुणी खाजगीपणाबद्दल बोलत नाही म्हणून. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात, माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. तुमच्या मुलीचा गडावरचा फोटो तुम्ही सगळ्यांना दिसेल असा टाकलात, तर तो असल्या अभ्यासात वापरायला तुमची परवानगी विचारायला कुणी बांधील नाही, असा त्याचा सरळ अर्थ. आज गर्दी मोजतील, उद्या चेहरे. धागा चालू द्या.

घाटमाथा

@करवंद, म्हशीचा मुद्दा डोक्यात राहिला. मर्यादा फोटोंवरून ठरवू नये, हे मान्य. पण @बुरुजाखालचा, एक विचारतो. तुम्हाला आठ वाजता कळतं, पण त्याची नोंद कुठे राहते? तुमच्या अर्जाला तिघांनी ‘अखत्यारीत नाही’ म्हटलं. त्याच अर्जासोबत पाच वर्षांचे रविवारचे आकडे जोडलेले असते तर टाळणं एवढं सोपं झालं असतं का? मला आकडा हवाय तो साहेबाच्या टेबलावर आपटायला.

बुरुजाखालचा

हे मात्र पटलं थोडं. तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही, कागद लागतो.

असं करा. पुढच्या रविवारी पहाटे सहाला या. मी शेताच्या बांधावर बसून गाड्या आणि डोकी वहीत मांडतो, तुम्ही शेजारी बसा. महिनाभर असं करू. मग तुमच्या त्या यंत्राला त्याच रविवारांचे फोटो घालून विचारा किती माणूस होतं. वही आणि यंत्र जुळलं तर पुढचं बोलू. पार्किंगचे पन्नास रुपये मात्र पडतील, बांधावर बसायचे नाही.

आकडेमोड

मीही येतो. वही दोघांनी वेगवेगळी लिहायची, एकमेकांची बघायची नाही. भजी किती वाजता सुरू होतात?