शब्दचर्चा: पेशी म्हातारी होते, जीर्ण होते की जून?

प्रश्न
एका आरोग्यविषयक लेखाचं मराठीकरण करतेय. ऊती कशा घडतात, वाढतात आणि वयानुसार त्यांचं काय होतं, असा विषय आहे. गाडी 'सेल्युलर सेनेसन्स'पाशी, म्हणजे पेशीचं विभाजन कायमचं थांबतं त्या अवस्थेपाशी, अडली. 'पेशींचे वार्धक्य' लिहिलं, पण खटकतंय. 'पेशीजरा' (जरा म्हणजे म्हातारपण) सुचला, तर घरच्यांनी विचारलं, 'जरा म्हणजे किती?' काही सुचतंय का? शिवाय ऊती की ऊतक, तेही सांगा.

प्रतिसाद
ऊतीच ठेवा, शाळेच्या पुस्तकात तेच आहे. विश्वकोशात ऊतक आणि कोशिका सापडतील, पण तुमचा वाचक पेशी-ऊतीवर वाढलेला असणार. ऊती हा शब्द मुळात संस्कृत 'वे' या धातूवरून आला, 'वे' म्हणजे विणणे. 'ओतप्रोत'मधला 'ओत' त्याच घरचा. इंग्रजी टिश्यूचंही मूळ विणकामातच आहे.
हिंदी मजकूर समोर ठेवून काम करत असाल तर मात्र सांभाळा. तिथली 'मांसपेशी' म्हणजे आपला स्नायू. सुश्रुताच्या 500 पेशी आणि 900 स्नायूही आजच्या अर्थाचे नाहीत. तिथे पेशी म्हणजे मांसाचा भाग.

प्रतिसाद
प्रयोगशाळेत काम करते म्हणून लिहिते. ताई, वार्धक्य नकोच. 1961 मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या संशोधकांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी काचपात्रात साधारण 40 ते 60 वेळा विभागतात आणि मग थांबतात. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, हे त्यामागचं एक कारण. पण डीएनएला मोठी इजा झाली तर कोवळ्या वयातली पेशीही अशीच कायमची थांबते. जखम भरताना अशा पेशी दिसतात. इतकंच काय, उंदराच्या गर्भात पाय घडत असतानाही त्या सापडल्या आहेत. गर्भाला वार्धक्य कसं म्हणणार?
आणि ही पेशी मेलेलीही नसते. बोटांमधल्या पडद्यातल्या पेशी ठरल्या वेळी मरतात, म्हणून बोटं सुटी होतात. तो 'नियोजित पेशीमृत्यू'. इथे पेशी जिवंत असते, फुगून पसरट होते, मरायला तयार नसते, आणि दाह वाढवणारी रसायनं सोडून शेजारच्यांनाही बिघडवते.

प्रतिसाद
मग 'जून' म्हणा की! मंडईत भेंडीचं टोक मोडून बघतात. कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. जून भेंडी सडलेली नसते, वाळलेलीही नसते. फक्त कामाची उरलेली नसते. शब्दही 'जीर्ण'वरूनच आलाय, म्हणजे कुळ उत्तम.

प्रतिसाद
शब्द झकास, पण 'जून 2013 मध्ये जून पेशी आढळल्या' हे वाक्य कोण वाचणार? शिवाय भाववाचक नाम काय करणार, 'जूनपणा'? मला तर परीक्षेत लिहायची लाज वाटेल.

प्रतिसाद (प्रयोगशाळावाली)
लाज कसली, 'निबर'सुद्धा चालेल! पण निबर म्हटलं की मला कडक सालच आठवते. ही पेशी कडक नसते, म्हणून जून बरा. मी असं करीन: पहिल्यांदा 'विभाजन कायमचे थांबलेली, जून झालेली पेशी' आणि पुढे नुसती 'जून पेशी'. नाम हवंच तिथे 'पेशीजरा'. शब्द जोडून लिहिला की 'जरा म्हणजे किती' हा घोळ राहत नाही.

प्रश्नकर्ती
पटलं. 'जून पेशी' घेतला, महिन्याच्या नावांना त्या परिच्छेदातून हाकलते. अजून एक. 'हायपरट्रॉफी' आणि 'हायपरप्लेशिया' दोन्हींना मी 'अतिवाढ' लिहून बसलेय.

प्रतिसाद (प्रयोगशाळावाली)
दोन्हींना एकच शब्द नको, गोष्टी वेगळ्या आहेत. व्यायामाने बेडकुळी फुगते तेव्हा स्नायूचे जुनेच तंतू जाड होतात, ती हायपरट्रॉफी: 'आकारवाढ'. यकृताचा तुकडा काढला की उरलेल्या पेशी विभागून भर घालतात, ती हायपरप्लेशिया: 'संख्यावाढ'. गरोदरपणी गर्भाशयात दोन्ही होतात, तिथे दोन्ही शब्द लिहा. उलट, प्लास्टर काढल्यावर हात बारीक दिसतो त्याला शब्दकोश 'अपक्षय' म्हणतील. आपल्याकडे 'हात वाळला' म्हणतात, तेच लिहा.

प्रतिसाद
आमच्याकडे 'हात रोडावला'. वाळतो तो पापड.