खान्देशातल्या उन्हात घराच्या मधोमध उघडा चौक ठेवावा का?

बोरीकाठ:
पारोळ्याकडच्या गावातलं आमचं धाब्याचं घर आता राहण्याजोगं उरलं नाही. अमळनेरला ४० × ६० चा प्लॉट घेतलाय. मला मधोमध १२ × १२ चा उघडा चौक आणि चारी बाजूंनी ओसरी हवी आहे. इंजिनिअर म्हणतात, १४४ चौरस फूट फुकट जातील, त्यापेक्षा हॉल मोठा करा.

मी त्या जुन्या चौकात वाढलो. कानबाईचे रोट खायला भाऊबंद चारी ओसऱ्यांवर बसायचे. उन्हाळ्यात उन्हाचा तुकडा सरकत जात्यापाशी आला की आजी चुलीवर चहा ठेवायची, घड्याळ कुणी बघायचं नाही. आई तर एकच वाक्य बोलली, "उजेड नही, ते घर कसानं?" आता बांधतोय ते घर शेवटचं. चौक नसेल तर मला ते आपलं वाटणार नाही.

काळीमाती:
भावना समजते, पण बांधू नका. जळगाव, अमळनेर हा पट्टा २१ अंश अक्षांशावर आहे. २५ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आपली सावली पायाखाली जाते. तेव्हा भिंती कितीही उंच करा, फरशीवर सरळ ऊन पडणारच. म्हणजे ऐन ४४-४५ अंशांत घराच्या पोटात तापलेला तवा.

दुसरं, आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर १२ × १२ च्या चौकात ९,००० लिटरहून जास्त पाणी पडतं. चारही स्लॅबचा उतार आत दिलात तर त्याच्या कितीतरी पट. ते पायाशी मुरलं की एक बाजू फुगते, दुसरी कोरडी राहते आणि भिंत तडकते. माझ्या मावसभावाकडे हेच झालं. चौकाचा पाइप पिंपळाच्या पानांनी तुंबला, रात्रीतून पाणी देवघरात. पुढच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या भिंतीला तिरपी चीर पडली, आत नाणं मावेल एवढी.

साइटवरचा:
पंचवीस वर्षं बांधकामं करतोय. काळीमाती यांचं पाण्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. उन्हाचं अर्धंच.

चौकाचं काम रात्री असतं. आपल्याकडे मार्च ते मे आभाळ निरभ्र, हवा कोरडी. दिवसा ४३ असेल तरी पहाटे पारा २७-२८ वर येतो. फरशी आणि भिंती रात्री आभाळाकडे उष्णता टाकतात, थंड झालेली जड हवा चौकात साचते आणि दारं उघडी असतील तर खोल्यांत शिरते. मात्र सकाळी नऊच्या आत चौकाकडची दारं-खिडक्या लावायच्या आणि संध्याकाळी ऊन उतरलं की उघडायच्या. दिवसभर उघडं ठेवून "चौक तापतो" म्हणणारे मी खूप बघितलेत. दुपारच्या उन्हावर उपाय साधा: वर तारा ओढून हिरवी जाळी, दिवसा पसरायची, रात्री गुंडाळायची. आणि चौक १२ चा नको, १० चा करा. एकमजली घराला एवढाच शोभतो, कडेला सावली तरी राहते.

पाण्यासाठी: चौकाची फरशी ओसरीपेक्षा सहा इंच खाली, स्लॅबचे उतार बाहेरच्या बाजूला, आणि निचऱ्याचे पाइप दोन. एक तुंबला तर दुसरा. पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्या, त्यात काटकसर नको.

रावेरची सून:
मी एकत्र कुटुंबाच्या चौकाच्या घरात १८ वर्षं काढली. चौक छान दिसायचा, कारण आम्ही तीन जावा तो रोज झाडायचो, पाणी शिंपडायचो. मेमध्ये बिबडे, कुरडया, पापड त्यातच वाळायचे, माकडं हाकलायला एक पोरगी काठी घेऊन बसवलेली. वावटळ आली की धूळ सरळ पिठाच्या परातीत. सकाळी दारं लावा, संध्याकाळी उघडा, जाळी गुंडाळा, हे लिहायला सोपं आहे. बोरीकाठ दादा, तुमच्या घरात हे कोण करणार? आई? तुमची बायको नोकरी करते का? चौकाच्या आठवणी बऱ्याचदा ज्यांनी तो झाडला नाही त्यांच्या असतात. मला विचाराल तर स्वयंपाकघरामागे भिंतीआडचं अंगण करा. वाळवणंही होतील आणि झाडायला निम्मं.

बोरीकाठ:
ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणाली, जाळी आणि झाडू तुमच्याकडे, मग चौकाला माझी ना नाही. मला मान्य आहे, आणि हे मी मनापासून लिहितोय. स्वयंपाकघराचं दार चौकात न काढता मागच्या अंगणात काढू, म्हणजे धूळ परातीत येणार नाही. चौक १० × १० करतोय. रविवारी प्लॉटवर फक्की मारून आखणी करणार. आई म्हणते, मला त्या चौकोनात तासभर खुर्ची टाकून बसू द्या, मग खोदा.

काळीमाती:
माझं मत बदललेलं नाही. तरी करताच आहात तर फक्की मारायच्या आधी लेव्हल पाइप घेऊन चारही कोपरे तपासा. प्लॉटचा उतार रस्त्याकडे आहे की मागे? मागे असेल तर ते दोन पाइप खोल्यांखालून न्यावे लागतील, आणि तिथेच गाडी अडणार.