लांबच्या प्रवासात हाती नेमकं काय लागलं?

माझ्या सॅकमध्ये नऊ वर्षं टिकलेली वस्तू एकच: पाच मीटर नायलॉनची दोरी. बुटांचे तीन जोड झिजले, कॅमेरा हरवला, सॅकही दुसरी आली. नव्या खोलीत शिरलो की आधी खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी बांधतो. तिच्यावर धुतलेले मोजे पडले की खोली माझी होते.

'प्रवास म्हणजे तुझ्यासाठी काय?' असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं क्षितिज, मोकळेपणा वगैरे काहीबाही लिहीत आलो. परवा गेल्या वर्षीची वही चाळली. निम्म्याहून जास्त पानांवर कपडे धुणं, गाडीची वाट बघणं आणि झोपायला जागा शोधणं, एवढंच आहे. तरी पुन्हा निघतोच! तेव्हा देशांची यादी नको. महिनोन् महिने बाहेर राहून काय गवसलं, काय निसटलं, ते या धाग्यावर आपापलं लिहा.

* * *

मॉस्को ते व्लादिवोस्तोक, मध्ये कुठेही न उतरता. ९,२८९ किलोमीटर. मी गेले ते २०१८ च्या आधी, तेव्हा तिथल्या रेल्वेची तिकिटं आणि स्टेशनांवरची घड्याळं सगळीकडे मॉस्कोच्याच वेळेने चालायची. पार पूर्वेला पोचलो तेव्हा बाहेर लख्ख उजाडलेलं आणि फलाटावरच्या घड्याळात रात्रीचे अकरा. पहिले दोन दिवस मी मनगटावरचे काटे पुढे ढकलत बसले, तिसऱ्या दिवशी घड्याळच काढून ठेवलं. भूक लागली की खायचं, डोळे मिटले की झोपायचं.

डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो. तिथे कप घेऊन उभी राहिले की शेजारच्या बर्थवरची बाई तिच्या भाषेत काहीतरी सांगायची, मी माझ्या भाषेत. दोघींनाही कळायचं नाही आणि दोघींचंही काही अडायचं नाही. बैकाल सरोवर आलं तेव्हा अख्खा डबा खिडकीला चिकटला होता. मला विचाराल तर तो बंबाचा नळ आधी आठवतो. अर्धा फिरवला की थेंब थेंब, जरा पुढे गेला की हातावर.

* * *

माझा प्रवास म्हणजे बोटांवरचा हिशेब. शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. रोज सकाळी उठून मागचे १८० दिवस मोजायचे. आल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. मोकळेपणावर लिहिणाऱ्यांना एकदा या आकडेमोडीला बसवा.

* * *

नेपाळ, अन्नपूर्णा सर्किटचा ट्रेक. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हे मीच लिहून लिहून लोकांच्या डोक्यात भरवलेलं. आणि स्वतः मनांगहून (३,५४० मीटर) एका दमात थोरांग फेदी गाठलं. का, तर बरोबरचे पुढे गेले होते. नऊशे मीटरच्या आसपास चढ एका दिवसात.

रात्री दोनदा उलटी झाली. डोकं फुटेल असं वाटत होतं, पण घाबरलो ते पहाटे. बुटाची नाडी बांधायला वाकलो, दोन्ही टोकं हातात धरली आणि पुढे काय करायचं ते सुचेना. तसाच बसून राहिलो. शेवटी दुसऱ्या कुणीतरी गाठ मारून दिली आणि मला खाली पिटाळलं. मनांगला पोचेपर्यंत डोकं हलकं झालं. बाकीचे त्या दिवशी 'थोरांग ला' ही खिंड (५,४१६ मीटर) ओलांडून गेले. वरचा फोटो त्यांनी पाठवला, तो मी महिनाभर उघडला नाही.

लेखात मी 'हवामान बिघडल्यामुळे परत फिरलो' असं लिहिलं. आकाश निरभ्र होतं. आज पहिल्यांदा खरं लिहितोय.

* * *

(धागा मीच काढलाय, म्हणून मध्येच: 'हवामान' मीही दोनदा वापरलंय.)

* * *

एका धबधब्यावर लिहिलं, वाट नकाशासकट दिली. दोन वर्षांनी गेले तर पाण्यापर्यंत पोचायला रांग. आता जागेचं नाव लिहीत नाही. लोक चिडतात, चिडू देत.

* * *

काय निसटलं ते सांगते. मी निघाले तेव्हा भावाची मुलगी चार महिन्यांची होती. तिचं पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं मी पडद्यावर पाहिलं, तेही नेट असेल तेव्हा. दीड वर्षाने दारात उभी राहिले. वहिनीने तिला विचारलं, 'आत्या कुठाय?' पोरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलापाशी जाऊन फोन उचलून आणला आणि माझ्याच हातात दिला.

दोन महिने थांबले. मग पुन्हा निघाले, हेही खरं.

* * *

सलग तीन वर्षं बाहेर काढून गेल्याच आठवड्यात घरी परतलो, त्यामुळे मोठं काही सांगण्यासारखं अजून सुचत नाही. एवढंच, की रात्री जाग येते आणि दार कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. परक्या खोल्यांत असं कधी झालं नव्हतं, तिथे झोपण्याआधी बघून ठेवायची सवय होती. काल अंधारात भिंत चाचपत गेलो तर दिव्याचं बटण सापडेना. मी नसताना घरच्यांनी ते दाराच्या दुसऱ्या अंगाला बसवून घेतलंय.